कुपवाडच्या फाउंड्रीत मायक्रोग्रिड: कामाची वही

१३ जानेवारी २०२५

आजपासून या कामाची वेगळी वही. मेंटेनन्सच्या रजिस्टरात लिहिलं की बेअरिंग आणि व्ही-बेल्टच्या गर्दीत हरवतं.

काम कशावरून निघालं ते आधी लिहून ठेवतो, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी विचारणारच की एवढा खर्च कशापायी. गेल्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, दुपारी पावणेतीनला अकरा केव्हीची लाइन गेली. भट्टीत टनाला थोडं कमी मेटल, तापमान १४८० अंशांच्या आसपास. डीजीचं (डिझेल जनरेटरचं) बटण दाबलं तर क्रँकिंगची बॅटरी मेलेली. शेजारच्या युनिटमधल्या टेम्पोची बॅटरी काढून आणून जनरेटर धडधडेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. भट्टीभोवतीची तांब्याची कॉइल, जी मेटल तापवते, तिला गार ठेवणारं पाणी ओव्हरहेड टाकीतून उतारानं येत राहिलं, म्हणून कॉइल वाचली. मेटलवर मात्र साय धरली, मग ती साय जाड झाली. अशा वेळी लाइट आली तरी पूर्ण पॉवर देता येत नाही. वरचा पापुद्रा तसाच राहतो, खालचं मेटल नको तेवढं तापतं आणि भट्टीचं आतलं अस्तर, लाइनिंग, खात कॉइलच्या दिशेनं निघतं. कॉइलमध्ये पाणी. पुढचं सांगायला नको. शेवटी गार होऊ दिलं आणि जॅकहॅमरनं लाइनिंगसकट फोडून काढलं. तीन दिवस भट्टी बंद.

या सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळीच. सव्वातीनला पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. आमच्या छपरावर २५० किलोवॉटचं सोलर आहे, २०२१ पासून. वर ते ऊन खात पडलेलं, आणि खाली आम्ही मोबाइलच्या उजेडात टेम्पोच्या बॅटरीचे टर्मिनल आवळतोय. आमचे मालक, दादा, तेव्हा एवढंच म्हणाले, "छपरावर एवढं ऊन आणि खाली अंधार, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा."

१४ जानेवारी

संक्रांत. ऑफिसात तिळगूळ घ्यायला गेलो आणि दादांना, वहिनींना ते गणित सांगितलं. लेझीम चालू असते तेव्हा ताल हलगीचा असतो. लेझीमवाले कितीही असोत, हलगीचा ठोका ऐकूनच पाऊल टाकतात. आमचे सोलर इन्व्हर्टर, ५० किलोवॉटचे पाच, हे लेझीमवाले. हलगी म्हणजे लाइन: ५० हर्ट्झ आणि ठरलेला व्होल्टेज. हलगी थांबली की त्यांनी थांबायचं, हा नियमच आहे. नाहीतर खांबावर चढलेला लाइनमन "लाइन बंद आहे" समजून तार धरायचा आणि आमच्या छपरावरून त्याच्या हातात वीज जायची. आयट्रिपलई १५४७ हे मानक सांगतं की अशी अजाणता तयार झालेली आयलंड, म्हणजे जाळ्यापासून तुटूनही जिवंत राहिलेला भाग, दोन सेकंदांत ओळखून इन्व्हर्टरनं बंद पडलं पाहिजे. आपल्याकडे त्याची चाचणी आयएस १६१६९ प्रमाणे होते.

म्हणजे आपली स्वतःची हलगी हवी. लाइन गेल्याबरोबर मुख्य ब्रेकर उघडून आपण बाहेरच्या जाळ्यापासून सुटं व्हायचं, आणि आतल्या आत बॅटरीच्या इन्व्हर्टरनं ताल धरायचा. मग सोलर त्या तालावर चालेल, डीजी त्यातच सामील होईल. याला मायक्रोग्रिड म्हणतात. वहिनी हिशेब बघतात. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे लाइट गेली तरी भट्टी चालणार?"

नाही. भट्टी ७५० किलोवॉटची. आपल्याला परवडेल ती बॅटरी २०० युनिटची. पूर्ण पॉवरवर पाव तासाच्या जरा पुढे संपेल, तेवढ्यात एक हीट, म्हणजे भट्टीभर मेटलसुद्धा, उतरत नाही; टनभर कास्ट आयर्न वितळायला साडेपाचशे युनिट लागतात. शिवाय भट्टीचा रेक्टिफायर विजेच्या लाटेत एवढी खरखर (हार्मोनिक्स) सोडतो की लहान इन्व्हर्टरचा तालच बिघडेल. भट्टी बाहेरच राहणार. आपण वाचवायचंय ते भट्टीत असलेलं मेटल, कॉइल, आणि बाकीच्या कारखान्याचा दिवस.

वहिनींचा चेहरा पडला. तिळगूळ गोड लागला नाही बहुतेक.

२० ते २४ जानेवारी

लोड मोजणी. क्लॅम्प मीटर, तीन शिफ्ट. एक नशीब चांगलं: भट्टीचा ट्रान्सफॉर्मर वेगळा आणि बाकी सगळ्याचा, ५०० केव्हीएचा, वेगळा. त्यामुळे ४३३ व्होल्टच्या ऑक्झिलरी बसवरच, म्हणजे भट्टी सोडून बाकी सगळ्यावर, आयलंड करता येईल, एचटीला (अकरा केव्हीच्या बाजूला) हात लावायला नको.

ऑक्झिलरीचा दिवसाचा चढ २८० किलोवॉटपर्यंत जातो. सँड प्लांट, मोल्डिंग लाइन, ७५ किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्ट, डस्ट कलेक्टर. रात्री भट्टी नसताना १८ ते २० वर उतरतो.

२७ जानेवारी

सगळ्या लोडची तीन गटांत यादी केली. पहिला गट: कधीच बंद पडता कामा नये. दुसरा: दहा मिनिटं बंद राहिला तरी चालेल. तिसरा: लाइन गेली की आपणहून सुटायचं. पहिल्या गटात कॉइलचा पंप, कूलिंग टॉवरचा पंप आणि पंखा, भट्टी कलती करायचा हायड्रॉलिक पॅक, कंट्रोल सप्लाय, दिवे. मला वाटलं, झालं.

दुपारी चहाला भट्टीवरच्या आण्णांना यादी वाचून दाखवली. तीस वर्षं मेटल ओतणारा माणूस. ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "पाणी चाललं, भट्टी कलली, बरं. मग मेटल धरायचं कशात साहेब? माझ्या ओंजळीत?"

क्रेन! क्रेन मोल्डिंग शेडच्या पॅनेलवर आहे, म्हणून माझ्या डोक्यात ती मोल्डिंगची. लॅडल, म्हणजे मेटल धरायचं भांडं, क्रेननं उचलून भट्टीपुढं धरली नाही तर भट्टी कलवून काही उपयोग नाही. पुढं आपत्कालीन पिट (खड्डा) आहे, पण त्यात टनभर मेटल सोडायचं म्हणजे नंतर चार दिवस गॅसकटर घेऊन बसायचं. ऑक्टोबरात क्रेन अशीच बंद होती, माझ्या डोळ्यांदेखत. सगळे पाण्याच्या भीतीत होते, क्रेनबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून माझ्याही लक्षात राहिली नाही.

आण्णांकडून आणखी एक आकडा घेतला. झाकण बंद असेल तर मेटल मिनिटाला चार-पाच अंश उतरतं, उघडं असेल तर विचारू नका. म्हणजे लाइट गेल्यापासून वीस मिनिटांत भट्टी रिकामी झाली पाहिजे. सगळं डिझाइन आता या वीस मिनिटांवर बसवायचं.

५ फेब्रुवारी

कोटेशनं आली. १६० केव्हीएचा ताल धरणारा इन्व्हर्टर (पुढे नुसतं पीसीएस लिहीन), २०० युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, कंट्रोलर, मोटराइज्ड ब्रेकर, लाइनशी ताल जुळवणारा सिंक रिले. सगळं मिळून ५२ लाख. एका पुरवठादारानं दुप्पट बॅटरी घ्यायला सांगितली. त्याच्या गणितात आमचा शॉट ब्लास्टसुद्धा "अत्यावश्यक" होता. कास्टिंगवरची वाळू उद्या झाडली तर कुणाचं काय जातं?

२१ फेब्रुवारी

न्यूट्रलवर पूर्ण दिवस गेला, पण जाणं भाग होतं. रोज आपला न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ झालेला असतो. आयलंडसाठी चार पोलचा ब्रेकर उघडला की तो संबंध तुटतो. मग आतल्या बसला जमिनीचा आधारच राहत नाही. एखादी फेज मोटरच्या बॉडीला लागली तरी रिलेला काही कळणार नाही, आणि बॉडीला हात लावणाऱ्याला मात्र कळेल. म्हणून ब्रेकर उघडला की पीसीएसच्या बाजूला न्यूट्रल अर्थला जोडणारा काँटॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) आपोआप लागला पाहिजे, आणि ब्रेकर लागायच्या आधी सुटला पाहिजे. इंटरलॉक हार्डवायर केला, सॉफ्टवेअरवर सोडला नाही.

ड्रॉइंग विद्युत निरीक्षकांकडे मंजुरीसाठी दिली.

१० मार्च

बॅटरीची जागा बदलली. मूळ प्लॅनमध्ये ती सँड प्लांटमागच्या मोकळ्या जागेत होती, केबल कमी लागते म्हणून. आज तिथल्या एका जुन्या पॅनेलचं दार उघडून आत बोट फिरवलं. बोट काळं कुळकुळीत. आमच्या वाळूत बेंटोनाइट असतं आणि कोळशाची पूड असते. असली काळी धूळ ओल धरली की वीज वाहते. असल्या हवेत बॅटरीचा एसी तीन आठवड्यांत गुदमरेल, आणि कनेक्टरवर काय बसेल ते बोटावर दिसतच होतं.

आता ऑफिसच्या पूर्वेला, दुपारनंतर सावली येते तिथे. केबल ४० मीटर वाढली. एलएफपीला २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं. आमच्याकडे एप्रिलात चाळीस, आणि भट्टीच्या शेडमध्ये मोजायचं धाडस कुणी करत नाही.

२८ मार्च

बॅटरी आली. क्रेननं उतरवताना आण्णा मुद्दाम बघायला आले. "एवढ्याशा पेटीत किती मेटल वितळंल?" मी म्हटलं, साडेतीनशे किलो, तेही एकदाच. "मग लाइनिंग तापायच्या आतच संपली की."

३० मार्च

पाडवा. दादांना आज बटण दाबून उद्घाटन करायचं होतं. न्यूट्रलचा काँटॅक्टर अजून टेस्ट झालेला नाही, म्हणून मी नाही म्हटलं. थोडं वाजलं. शेवटी बॅटरीपुढं नारळ फुटला, पेढे वाटले गेले, ब्रेकर कुलपात राहिला.

६ एप्रिल

रामनवमी, काम बंद, भट्टी गार. पहिली चाचणी. निरीक्षकांची मंजुरी हातात आहे.

सकाळी अकराला मुख्य ब्रेकर हातानं उघडला. दिवे एकदा लुकलुकले आणि लागले. पीसीएसनं ताल धरला होता, पडद्यावर ५०.०० हर्ट्झ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी भट्टीकडे बघितलं तर कॉइलचा पंप बंद.

वीज अर्ध्या सेकंदाच्या आत परत आली होती. पण पंपाचा स्टार्टर पुश बटणवाला. व्होल्टेज गेल्यावर काँटॅक्टरची कॉइल सुटली, आणि सुटली की परत हिरवं बटण दाबेपर्यंत ती बसत नाही. म्हणजे ५२ लाखांचं सगळं नीट चाललं आणि साडेचारशे रुपयांच्या कॉइलपाशी अडलं. आणि खरी लाइट जाते तेव्हा भट्टीवर हातघाई चालू असते, अशा वेळी पंपाच्या पॅनेलकडे धावणार कोण?

दुपारी दुसरी फेरी. लोड चढवत गेलो. क्रेन चालली, सँड प्लांटचा एक बेल्ट चालला. मग कॉम्प्रेसर. ७५ किलोवॉट, पूर्ण लोडचा करंट १३० अँपिअर, सुरुवातीचा करंट कमी ठेवणाऱ्या स्टार-डेल्टानं सुरू होतानाही पावणेतीनशेच्या पुढे. पीसीएसची कुवत २२२, ओढून ताणून २६५. व्होल्टेज बसला, पाचही सोलर इन्व्हर्टर घाबरून सुटले, त्यांचा भार पीसीएसवर आला, त्यानं अंग टाकलं. सगळा कारखाना शांत. आढ्यावरच्या कबुतरांचा आवाज ऐकू आला.

लाइनवर असताना हा कॉम्प्रेसर सुरू झाला की दिवे जरासे मंद होतात, बस. मागे अख्खं जाळं उभं असतं. इथे मागे एक पेटी.

७ ते १९ एप्रिल

पहिल्या गटातल्या सगळ्या स्टार्टरचा कंट्रोल सप्लाय छोट्या यूपीएसवर घेतला. आपोआप सुरू होण्यात धोका असतो, कुणी मशीनमध्ये हात घालून बसलेला असला तर. म्हणून हे फक्त पंप आणि पंख्याला. बेल्ट, मिक्सर, शॉट ब्लास्ट, काहीही आपोआप सुरू होणार नाही. क्रेन तर नाहीच.

कॉम्प्रेसरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह). आता तो हळूहळू वेग घेतो, करंट १३० च्या वर जात नाही. शिवाय कंट्रोलरला अट घातली: आयलंडमध्ये सोलर आणि बॅटरी मिळून पुरेशी जागा असेल तरच कॉम्प्रेसरला परवानगी. नाहीतर रिसीव्हरमधल्या, म्हणजे टाकीत साठलेल्या, हवेवर भागवायचं.

प्रोटेक्शन. लाइनवर शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर वाहतात आणि एमसीसीबी (त्या फीडरचा ब्रेकर) ताडकन उडतो. आयलंडमध्ये पीसीएस शॉर्टलाही जेमतेम तीनेकशे देतो. ६३ अँपिअरच्या एमसीसीबीची मॅग्नेटिक ट्रिप दहापट, म्हणजे ६३० वर. ती कधी उडणारच नाही. एमसीसीबी थर्मलनं विचार करत बसेल, तोवर पीसीएस स्वतः सुटेल, आणि एका वेल्डिंग सॉकेटच्या शॉर्टपायी कॉइलचा पंप बंद पडेल. त्यामुळे पहिल्या गटाशेजारचे फीडर इलेक्ट्रॉनिक रिलीजच्या एमसीसीबीवर घेतले, पिकअप खाली आणला, प्रत्येकाला अर्थ लीकेज रिले लावला. हा खर्च कुठल्याच कोटेशनात नव्हता. वहिनींना सांगताना मी बिल आधी टेबलावर ठेवलं आणि मग बोललो.

२७ एप्रिल

तिसरी चाचणी, सुट्टीचा दिवस, रणरणतं ऊन. पंप एकही सुटला नाही. कॉम्प्रेसर चालला. मग नवीन तमाशा.

सोलर १८० किलोवॉट देतंय, लोड ४०, बॅटरी भरत आलेली. जादा वीज जाणार कुठं? बाहेरचा रस्ता बंद आहे. अशा वेळी पीसीएस मुद्दाम फ्रिक्वेन्सी वर नेतो, ५०.५, ५१, आणि सोलरनं ते बघून हात आखडता घ्यायचा असतो. आमच्या जुन्या इन्व्हर्टरना हात आखडायचं माहीत नव्हतं, फक्त सोडायचं माहीत. वरची मर्यादा ओलांडताच पाचही एकदम सुटले. फ्रिक्वेन्सी खाली आली. पाच मिनिटांनी पाचही एकदम परत आले. पुन्हा वर, पुन्हा सुटले. दीड तास हा पाळणा चालला. वायरमन पोरगा दर वेळी रिले वाजली की "गेलं... आलं" म्हणून ओरडत होता.

संध्याकाळपर्यंत इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये झोपलेलं ड्रूप सापडलं, म्हणजे फ्रिक्वेन्सी चढेल तसं हळूहळू कमी वीज देणं. चालू केलं. परत येण्याच्या वेळाही वेगवेगळ्या केल्या, म्हणजे एकेक जण येईल. त्यानंतर १८० वरून ४५ वर अलगद उतरलं, कुठे खट्ट झालं नाही.

४ मे

डीजी सिंक करून बघितला. रिव्हर्स पॉवर रिले तपासला, म्हणजे सोलर जोरात असताना वीज उलटी डीजीत घुसून त्याला मोटरसारखा फिरवणार नाही. ठीक.

२१ मे

खरी परीक्षा आज झाली. यंदा मे महिन्यातच पावसानं ठाण मांडलंय.

पाच वाजून दहा मिनिटांनी वाऱ्यानं लाइन गेली. भट्टीत सातशे किलो, १४६० अंश. मी कँटीनमध्ये होतो. दिवे एकदा मिटले, उघडले, आणि भट्टीचा आवाज थांबला. भट्टीचा तो हम्म असा आवाज कानाला एवढा सवयीचा की तो थांबल्यावरच कळतं की होता. धावत पोचलो तेव्हा कॉइलचा पंप चालू, टॉवर चालू, आण्णांनी झाकण टाकलेलं आणि क्रेन लॅडल घेऊन निघालेली. दोन लॅडलमध्ये भट्टी रिकामी. उभे साचे होते त्यात जेवढं गेलं तेवढं गेलं, उरलेलं पिग मोल्डमध्ये (जादा मेटल लाद्यांत ओतायचे साचे). अकरा मिनिटं. शेवटच्या लॅडलला १३९० होतं.

कुणी काही बोललं नाही. आण्णांनी तंबाखू मळली.

पुढची रात्र सरळ गेली. बॅटरी ८८ टक्क्यांवरून उतरत दहाच्या सुमाराला ३५ वर आली, तिथे डीजी आपणहून सुरू झाला. कंट्रोलरनं त्याला १४० किलोवॉटवर चालवलं, लोड भागवून उरलेलं बॅटरीत. एक तास दहा मिनिटांनी बंद. साधारण ४८ लिटर. आधीच्या पद्धतीत हाच २५० केव्हीएचा डीजी रात्रभर १८ किलोवॉटसाठी घुरघुरत बसला असता आणि शंभराच्या पुढे लिटर प्याला असता. एवढ्या कमी लोडवर डिझेल नीट जळतही नाही. सायलेन्सरच्या जोडातून काळं तेल गळतं, ते डाग अजून भिंतीवर आहेत. लाइनवाले भर पावसात रात्रभर काम करत होते. पहाटे तीन चाळीसला सप्लाय आला. कंट्रोलर थोडा वेळ थांबून, ताल जुळवून लाइनला लागला. मी खुर्चीत झोपलो होतो, मला कळलंही नाही.

रात्री शेजारच्या युनिटचे मालक छत्री घेऊन आले होते. "एक फेज द्या की ओढून, पंप चालवतो." टेम्पोच्या बॅटरीचं देणं होतं, नाही म्हणायला जड गेलं. पण दुसऱ्याला वीज पुरवायची तर २००३ च्या वीज कायद्यानं परवाना लागतो, आणि आमची सगळी प्रोटेक्शनची गणितं आमच्याच केबलची. त्यांना आमचा जुना पाच केव्हीएचा पोर्टेबल दिला.

२२ मे

सकाळी भट्टीपुढच्या पिटवरची जाळी उचलली. सहज. आत चार बोटं पाणी.

वर लिहिलेलं सगळं यश या चार बोटांपुढं फिकं पडलं. हे पिट कशासाठी आहे? लाइनिंग फुटलं किंवा क्रेन अडकली तर टनभर वितळलेलं लोखंड सोडायला. ते पाण्यावर पडलं तर पाण्याची क्षणात वाफ होऊन मेटल छपरापर्यंत उडतं. काल क्रेन अडकली असती तर आण्णांनी पिटमध्येच सोडलं असतं, दुसरा इलाज नव्हता.

पावसाळ्यात पिटमध्ये झिरपतं, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तिथे दीड किलोवॉटचा सम्प पंप आहे. तो यार्डच्या दिव्यांच्या सर्किटवर आहे. यार्डचे दिवे तिसऱ्या गटात. लाइन गेल्याबरोबर कंट्रोलरनं इमानेइतबारे तो बंद केला. जोराचा पाऊस आणि लाइट जाणं ही जोडगोळीच असते, म्हणजे पंपाची गरज नेमकी तेव्हाच, आणि माझी यादी त्याला नेमकी तेव्हाच बंद करत होती.

आजच केबल ओढून पहिल्या गटात घेतला. लेव्हल स्विच बसवला, पाणी दिसलं की भट्टीपाशी हूटर. यादीत तो आता सगळ्यात वर आहे, ७५ च्या कॉम्प्रेसरच्या, क्रेनच्या, सगळ्यांच्या वर.

२३ मे

यादी पुन्हा पहिल्यापासून. या वेळी ऑफिसात बसून नाही. आण्णा, क्रेनवाला, सँड प्लांटचे मामा, रात्रीचा वॉचमन, सगळ्यांना शेडमध्ये उभं करून "आत्ता लाइट गेली, काय कराल?" असं विचारत फिरलो. तीन गोष्टी नव्या निघाल्या. भट्टीवरचं इमर्जन्सी बटण ज्या दिव्याखाली आहे तो दिवा यादीत नव्हता. वॉचमनच्या केबिनजवळचं फाटक विजेवर आहे, ॲम्ब्युलन्स आली तर ते उघडणार कसं? आणि मामांनी सांगितलं, मिक्सर ओल्या वाळूसकट तासभर बंद राहिला तर वाळू आत धरते, पाती सुरू होताना मोटर जळते. मिक्सर दुसऱ्या गटात.

९ जुलै

वहिनींबरोबर हिशेब. त्यांनी वही उघडली, मी तोंड बंद ठेवलं.

नव्या दरपत्रकात दिवसा, सोलरच्या वेळेत, सवलत आहे आणि संध्याकाळी पाचनंतर जादा आकार. बॅटरी दुपारी भरायची आणि संध्याकाळी वापरायची, पण ३५ टक्के नेहमी राखीव. यातून वर्षाला सव्वा ते दीड लाख सुटतील. या एका गोष्टीवर ५२ लाख फिटायला माझी नातवंडं लागतील, असं त्याच म्हणाल्या. डिझेल: डीजीचं युनिट नुसत्या इंधनाचं सत्तावीस-अठ्ठावीस रुपयांना पडतं, त्यामुळे तिथली बचत बरी आहे, पण लाइट किती वेळा जाईल यावर ती अवलंबून. लाइट गेली की सोलर बंद पडून वाया जायचं, ते आता वाया जात नाही, तेही थोडं. मग ऑक्टोबरची पाटी: लाइनिंग, मेटल, तीन दिवसांचं पोरिंग, आणि वेळेत माल न गेल्यानं गिऱ्हाईकानं लावलेला दंड. तो आकडा वहिनींनी स्वतः लिहिला आणि बराच वेळ त्याकडे बघत बसल्या. नऊ लाखांच्या वर.

"वर्षाला एकदा तरी गोठतीय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन वर्षांतून एकदा. "मग ठीक हाय. पण पुढच्या वेळी एमसीसीबीचं आधी सांगा."

छपराचं: मेमधल्या उघाडीच्या दिवसांत हजार युनिटच्या वर, जुलैत ढगाळ दिवशी साडेतीनशे. पावसाळ्यात बॅटरी सोलरच्या भरवशावर सोडता येत नाही. कंट्रोलरला सांगितलंय, जून ते सप्टेंबर राखीव ३५ ऐवजी ६०.

२८ जुलै

पुराच्या तयारीची बैठक. सांगलीत या दिवसांत सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीच्या पट्टीवर. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कुपवाड उंचावर, आमच्या शेडमध्ये तेव्हा पाणी आलं नाही. तरी कारखाना बंदच होता, कारण निम्मी माणसं पुरात होती आणि सप्लायचा भरवसा नव्हता. म्हणजे पुरात मायक्रोग्रिडवर पोरिंग करायचं हे स्वप्न कुणी बघू नये. त्या दिवसांत एकच काम: भट्टी आधीच रिकामी करून ठेवायची, आणि पाण्याचा पंप, ऑफिस, मोबाइल चार्जिंग चालू ठेवायचं. दादांनी स्वतःहून सांगितलं की कामगारांच्या घरच्यांना शेडमध्ये आणायचं झालं तर दिवे आणि पाणी राहिलं पाहिजे. तो लोड १२ किलोवॉट. बॅटरी आणि आकाशात जे काही ऊन असेल त्यावर, डीजी थोडा हातभार लावत, बरेच दिवस निघतील. डिझेलचे दोन बॅरल जास्तीचे, उंचावर.

१२ ऑगस्ट

एसीचा फिल्टर. जागा बदलूनही सहा आठवड्यांत करडा. महिन्याला बदलायचा.

१९ ऑगस्ट

रात्रपाळीत न सांगता ड्रिल. मी घरी. दादांनी अकरा वीसला भट्टीचा आणि ऑक्झिलरीचा, दोन्ही ब्रेकर उघडले. भट्टीत आठशे किलो. आण्णा सुट्टीवर, त्यांच्या हाताखालचा पोरगा भट्टीवर होता. पिट कोरडं आहे का ते आधी बघितलं, मग लॅडल. नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

एक तक्रार आली. आयलंड चालू आहे की नाही ते भट्टीवरून कळत नाही, पडदा ऑफिसात आहे. भट्टीच्या खांबावर पिवळा दिवा हवा, आणि बॅटरी किती उरली ते मोठ्या आकड्यात, चष्मा नसताना वाचता येईल असं. दुसरी मागणी आण्णांची होती, फोनवरून. डिस्प्लेची ऑर्डर दिली. दिवा उद्या स्टोअरमधलाच लावतो.